चोवीस चिमटे, सहा अभ्रे

एखाद्या घरात काय शिजतंय हे दाजींना दाराबाहेरूनच कळत असे. निदान ते तसं सांगत. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याचे मीटर वाचले होते, आणि मीटर वाचता वाचता आपण माणसंही वाचायला शिकलो असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली. त्यांवर 'सूक्ष्म निरीक्षक, गूढभेदक व खाजगी तपासनीस' असं ठळक अक्षरांत होतं, आणि जागा न उरल्यामुळे फोन नंबर मागच्या बाजूला गेला होता. मागची बाजू कुणी पाहत नसे. आपल्याला फोन का येत नाहीत, याचा छडा दाजींनी असा स्वतःच लावला, आणि पूर्णपणे सुटलेलं त्यांचं तेवढं एकच प्रकरण होतं.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. हा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि बहिणीला वाईट वाटू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी वही घेऊन दाजींच्या मागे फिरायचा. दाजी त्याला 'मेहुणे' म्हणत. त्या दिवशी मात्र दुपारी दीड वाजता फोन करून दाजींना बोलावणारा तोच होता.

झालं होतं असं. मेहुण्याची लेक टिचकी आठ वर्षांची होत होती आणि चार वाजता तिच्या वाढदिवसाला बारा मुलं येणार होती. महिन्यापूर्वी वरच्या मजल्यावरच्या इव्हेंटवाल्यांनी आपल्या मुलाचा वाढदिवस केला होता. फुग्यांची कमान, बुडबुड्यांचं यंत्र, आणि अस्वलाच्या वेशातला एक माणूस. मुलांना काम एकच होतं, रांगेत उभं राहून अस्वलाबरोबर फोटो काढून घ्यायचे. तेवढ्यात अस्वलाला उकाड्याने भोवळ आली आणि मेहुण्याच्या बायकोने त्याला शुद्धीवर आणलं. ती नर्स होती, आणि नवरा सोडून अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणत असे.

त्या दिवसापासून इमारतीतल्या प्रत्येक मुलाला अस्वल हवं होतं. सिस्टर म्हणाली, "अस्वल आणायचं नाही. घरात आहे त्यातच अशी पार्टी करते की मुलं घरी जायचं नाव काढणार नाहीत." आठवडाभर, ड्युटीवरून आल्यावर, ती बसून खेळ ठरवत होती. चिमटे वरून बाटलीत टाकायचे. उशांच्या अभ्र्यांत पाय घालून उड्या मारत धावायचं. पातेल्यांची झाकणं आणि लाकडी डाव म्हणजे बँड. वर्तमानपत्र कोंबलेले मोजे म्हणजे चेंडू, चादरीचा तंबू. हे सगळं तिने आदल्या संध्याकाळी धुण्याच्या टोपलीत भरून ठेवलं आणि सकाळी कामावर गेली. मेहुणा टिचकीला घेऊन केक आणायला बेकरीत गेला. परत येऊन पाहतो तर टोपलीत मळके कपडे.

"मळके कपडे," दाजी टोपलीवर वाकत म्हणाले. डोळ्याला त्यांनी भिंग लावलं होतं. ते मेहुण्याच्याच दुकानातून नेलेलं होतं आणि त्याच्याबद्दल मालक दोनदा विचारून गेले होते. "चोराने माल काढून वर मळके कपडे रचले. आपण हात घालणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मेहुणे, हात घाला."

मेहुण्याने घातला. खालीही मळके कपडेच होते.

घरात त्या वेळी एकच माणूस होतं, मेहुण्याची मोठी आत्या. चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून काम केलेली, चार दिवसांसाठी राहायला आलेली. दाजींनी तिची जबानी घेतली.

"आत्या, आज सकाळी पार्टीचं सामान तुमच्या नजरेस पडलं का?"

"नाही बाई. पार्टीचं म्हणून काहीएक दिसलं नाही मला. जावईबापू, या घरात पार्टी आहे असं वाटतंय तरी का?"

"कुणी अनोळखी आलं होतं?"

"तुम्हीच आलात."

"साक्षीदार विश्वासार्ह," दाजींनी सांगितलं आणि मेहुण्याने लिहून घेतलं. आत्याने पातेल्यावरचं झाकण बाजूला करून दोघांना चहा गाळून दिला.

दाजींचा पहिला संशय वरच्या इव्हेंटवाल्यांवर. "घरातल्या घरात पार्ट्या व्हायला लागल्या तर त्याचं दुकान बंद. हेतू स्पष्ट आहे," असं म्हणून ते एकटेच जिना चढून गेले. पंचवीस मिनिटांनी उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर सोनेरी कागदाची टोपी होती.

"तो निर्दोष आहे," ते म्हणाले. "फार सज्जन माणूस. माझ्या पंच्याहत्तरीला तो कमान देणार आहे. धूर सोडणारीसुद्धा आहे त्याच्याकडे."

"दाजी, तुम्ही बासष्टचे आहात."

"आत्तापासून नोंदवलं तर अस्वल फुकट येतं."

अडीच वाजले होते. मेहुण्याचं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. दाजी दिवाणावर उशीला पाठ टेकून बसले, डोळे मिटले, आणि दहा मिनिटांनी एकदम म्हणाले, "लिहा. चिमटे कशासाठी असतात?"

"कपडे वाळत घालायला."

"सामान्य माणसाचं उत्तर. चिमटे नाकाला. गटारातून जाणाऱ्याला नाक बंद करावं लागतं. सहा अभ्रे?"

"उशीला."

"लूट भरायला. मोजे हातात, ठसे उमटू नयेत म्हणून. चादर खिडकीतून खाली उतरायला. झाकणं म्हणजे ढाली. मेहुणे, सहा जणांची टोळी आज बँक फोडणार आहे आणि त्यांची सगळी तयारी तुमच्या घरातून झालेली आहे."

"आणि दोन डाव?"

दाजी क्षणभर थांबले. "डाव साधायला," ते म्हणाले आणि त्यांनी पोलीस चौकीला फोन लावला.

"काय चोरीला गेलंय?" पलीकडून विचारलं.

"चिमटे. शिवाय डाव."

"कुणी डाव टाकलाय?"

"टाकलेला नाही, नेलेला आहे."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. "धाबं दणाणलंय त्यांचं," दाजी म्हणाले.

मग त्यांना तिसरा धागा सापडला, आणि मेहुण्याला तो मुळीच आवडला नाही. टिचकी केक आणल्यापासून आतल्या खोलीत नवा फ्रॉक घालून गप्प बसली होती. आज तिचा वाढदिवस, आणि सामान गेलं तरी ती एका अक्षराने कुरकुरली नव्हती. दाजी तिच्यासमोर उकिडवे बसले.

"टिचके, खरं सांग. तुला ही पार्टी हवी होती का?"

"नको होती," ती म्हणाली. "ते चिमट्यांचं ऐकून सगळे हसतील मला. वरच्या दादाकडे कमान होती. पण मी काही घेतलं नाही, दाजी. आईने किती दिवस केलंय ते." मग दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहून ती म्हणाली, "बाबा, आईला सांगू नका ना मी असं म्हटलं ते."

मेहुण्याने मान हलवली. कमान आणता आली असती का, असा हिशेब तो महिनाभर मनात करत होता आणि दर वेळी तो उत्तर न काढताच सोडून देत होता. हातातली वही त्याने मिटली. दाजींनी भिंग खिशात टाकलं.

पावणेचारला सिस्टर आली. दारातच तिला तिघांचे चेहरे दिसले. "काय झालं?"

मेहुण्याने सांगितलं. दाजींनी टोळीपुरतं मधे मधे सांगितलं. सिस्टर ऐकता ऐकता पर्स ठेवून हात धुवायला गेली, आणि टॉवेल घ्यायला बाल्कनीत डोकावली.

"हे काय आहे?" ती तिथूनच म्हणाली.

सगळे बाल्कनीत गेले. वाळत घालायच्या दोरीवर चोवीस चिमटे सारख्या अंतरावर ओळीने लावलेले होते.

सिस्टर परत फिरली. तिने दिवाणावरची उशी उचलली. अभ्रा घातलेला होता. स्वयंपाकघरात प्रत्येक पातेल्यावर आपापलं झाकण होतं, डाव खिळ्याला टांगलेले होते. मोजे जोड्या लावून खणात, वर्तमानपत्रं इस्त्री केल्यासारखी सपाट होऊन रद्दीत, आणि चादर पलंगावर होती, चारही कोपरे दुमडून.

"मग कुठे असायला हवं होतं?" आत्या म्हणाली. "सकाळी बघते तर टोपलीत हा सगळा गोंधळ. मोज्यात वर्तमानपत्र. नर्सचं घर, आणि मोज्यात वर्तमानपत्र. मुलं यायच्या आत म्हटलं लावून टाकावं. आणि मळके कपडे टोपलीत नाही तर कुठे ठेवायचे?"

"अगं पण दाजींनी तुला विचारलं होतं," मेहुणा म्हणाला.

"त्यांनी पार्टीचं सामान विचारलं. हे पार्टीचं सामान आहे?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाराच्या बारा मुलं एकदमच आली होती, वरचा दादा सगळ्यांत पुढे. टोपली भरायला वेळ नव्हता. टिचकी आईच्या मागे जाऊन उभी राहिली. सिस्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुलांकडे.

"चपला काढा, दोन संघ करा आणि ऐका," ती म्हणाली. "या घरात चोवीस चिमटे आहेत, सहा अभ्रे, आठ झाकणं, दोन डाव, दहा मोजे आणि एक चादर. जो संघ जास्त आणेल तो केक कापताना पुढे. कुठे आहेत ते सांगणार नाही. पळा."

जे दाजींना दोन तासांत सापडलं नव्हतं ते मुलांनी नऊ मिनिटांत दिवाणखान्यात आणून टाकलं. एकाने तर दाजी टेकले होते तीच उशी त्यांच्या पाठीमागून काढून घेतली. टिचकीच्या वाट्याला चादर आली. ती एकटीने ओढून आणताना दारात अडकली आणि तिला हसू आलं, आणि ते नंतर थांबेचना.

पुढे सगळं सिस्टरने ठरवलं होतं तसंच झालं, फक्त दुप्पट आवाजात. अभ्र्यांच्या शर्यतीला आत्या पंच झाली. वसतिगृहातल्यासारखी तिने टाळी वाजवली की मुलं जागच्या जागी थिजत. सहा वाजता इव्हेंटवाले मुलाला न्यायला आले तर तो तंबूत जाऊन बसला होता. "बाबा, आपल्याकडे असं का नव्हतं?" त्याने आतून विचारलं. इव्हेंटवाल्यांनी चादर खालून वर नीट पाहिली, तिची किंमत ठरवता येईना, आणि तेही वाकून आत गेले.

टिचकीने हे ऐकलं. ती बँडमधून उठून आईजवळ गेली आणि तिच्या कमरेला डोकं टेकवून उभी राहिली. सिस्टरने विचारलं, "दमलीस?" ती नाही म्हणाली, पण तिथून हललीही नाही. मेहुण्याने ते लांबून पाहिलं. त्याला जे सांगायचं नव्हतं ते आता सांगायची गरजही उरली नव्हती.

कोपऱ्यात दाजी तपासाचा समारोप करत होते. "लिहा, मेहुणे. माझ्या तपासाचा दाब एवढा वाढला, की गुन्हेगाराने घाबरून सगळा माल जागच्या जागी परत ठेवला. मोजेसुद्धा जोडीने. माझ्या अनुभवात एवढा घाबरलेला गुन्हेगार..."

मेहुणा 'घाबरलेला'पर्यंत पोचला होता तेवढ्यात टिचकीने त्याच्या हातातून वही काढून घेतली. तिला शेवटच्या शर्यतीची नावं लिहायची होती आणि घरात दुसरा कोरा कागद उरला नव्हता. जमिनीवर पालथं पडून तिने दोन संघ पाडले. स्वतःच्या संघात पहिलं नाव लिहिलं, 'बाबा'. दुसऱ्या संघाने आत्याला मागून घेतलं.

दाजींना दोन्ही संघ एकमेकांना देऊ करत होते.