जितेंद्र म्हणतात

"जितेंद्र म्हणतात, चहा बघत प्यावा," शैला म्हणाली आणि कप घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

गुणवंत सुर्व्यांनी आपला कप खाली ठेवला. रविवारपासून हे अकरावं 'जितेंद्र म्हणतात' होतं. मोजायचं नाही असं ठरवूनही ते मोजत होते.

"काय बघत प्यावा?"

"काहीही. समोर जे असेल ते."

"समोर सी-विंगचं बाथरूम आहे."

"त्याच्या वर आभाळ आहे ना! जितेंद्र म्हणतात, आपण मीरा रोडवाले मान वर करायला विसरलोय."

बारावं.

हे जितेंद्र म्हणजे शैलाचे कुणी गुरू नव्हते की भाऊ नव्हते. त्यांच्या पूनम सागर सोसायटीच्या महिला मंडळाची सहल गेल्या रविवारी ज्या मिनीबसमधून गेली, त्या बसचा तो गाईड. 'सांजफेरी' असं त्या प्रकाराचं नाव. साडेचारला काशीमीऱ्याहून निघायचं, घोडबंदरचा किल्ला बघायचा, मोरव्याची मिठागरं बघायची आणि शेवटी चौकच्या किल्ल्यावर उभं राहून सूर्य बुडताना बघायचा. वीस बायका गेल्या आणि वीसच्या वीस परत आल्या. पण गुणवंतरावांच्या मते त्यांची बायको काही पूर्ण परत आलेली नव्हती.

त्यांना हे लागण्याचं कारण होतं. चौतीस वर्षं ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. मीरा-भाईंदरच्या निम्म्या बिल्डिंगींचे नकाशे त्यांच्या टेबलावरून गेलेले. लग्नानंतर दर रविवारी ते शैलाला स्कूटरवर मागे बसवायचे आणि गाव दाखवायला न्यायचे. गाव म्हणजे काय, तर बिल्डिंगी. "हा जिना मी काढलाय," ते स्कूटर थांबवून सांगायचे, आणि शैला मान वर करून "छान आहे" म्हणायची. शैलाला काही दाखवणारा माणूस जगात एकच आहे अशी त्यांची एकतीस वर्षं समजूत होती. आता तिचं ते "छान आहे" दुसरंच कुणी घेऊन गेलं होतं. शिवाय फोटोत तो जितेंद्र दिसायलाही बरा होता. पंचेचाळिशीचा, खादीचा कुर्ता, दाढीत पाचसहाच पांढरे केस, आणि तेही निवडून ठेवल्यासारखे. गुणवंतरावांचा नुसता जळफळाट होत होता.

"मी या रविवारच्या दोन सीटा बुक केल्यात," शैला खिडकीतूनच म्हणाली. "तुम्ही पण चला."

"मला कोण गाव दाखवणार?"

"गाव नका बघू. माझं एकच मागणं आहे. सूर्य बुडताना माझ्या शेजारी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. पाच मिनिटं. एवढ्या वर्षांत आपण दोघांनी मिळून एकदाही सूर्य बुडताना बघितला नाही हो."

हे ती इतकं हळू म्हणाली की गुणवंतराव विरघळले. ते लगेच हो म्हणाले. मात्र जाऊन त्या जितेंद्रच्या चार चुका सगळ्यांसमोर काढायच्या, हेही त्यांनी त्याच वेळी ठरवून टाकलं.

रविवारी काशीमीऱ्याला ट्रकांच्या धुरळ्यात बस उभी होती. "या शैलाताई! आज साहेबांना पण आणलंत," असं म्हणत जितेंद्रने स्वागत केलं. 'ताई' ऐकून गुणवंतरावांना जरा बरं वाटलं. पण शैला हसली, आणि ते बरं वाटणं तिथंच संपलं.

पंचाईत अशी की जितेंद्र चुकतच नव्हता. पोर्तुगीज कधी आले, मराठे कधी आले, अरबी घोडे कुठे उतरायचे, सगळं बरोबर. आवाजही खर्जातला. गुणवंतराव दात-ओठ खात ऐकत होते. बस घोडबंदर रस्त्याला लागली तसा जितेंद्र माइकमध्ये म्हणाला, "आता उजवीकडे त्या उंच टॉवरच्या मागे बघा. डोंगराची रांग सुरू होते. या उन्हात तिचा रंग जांभळा दिसतो."

"टॉवरचं नाव काय म्हणालात?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नाव नाही माहीत, काका. आपण डोंगर बघतोय."

"ओमदर्शन हाइट्स," गुणवंतराव विजयी स्वरात म्हणाले. "सात मजल्यांचा प्लॅन पास झाला होता. वर दोन नंतर चढवले. ओसी नाही."

बसमधल्या सगळ्या माना डोंगराकडून गुणवंतरावांकडे वळल्या. मीरा-भाईंदरमध्ये माणसाला स्वतःचा रक्तगट एक वेळ माहीत नसतो, पण बिल्डिंगला राहण्यालायक ठरवणारा तो ओसीचा कागद म्हटला की झोपलेला माणूसही उठून बसतो. मागच्या सीटवर हसमुखभाई नावाचे कापडवाले गृहस्थ खरोखरच झोपले होते. ते उठून बसले.

"क्या बोला? मैं उधरीच रहता हूं!"

"कौनसा माला?"

"आठवा."

गुणवंतरावांनी थोडा विचार केला. "फिर तो आप कागज पर है ही नहीं."

हसमुखभाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. ते असल्याची खात्री करून ते उठले आणि सबंध बस ओलांडून गुणवंतरावांच्या सीटला धरून उभे राहिले. त्यानंतर जांभळा डोंगर कुणीही बघितला नाही.

सुंदर देखावा दिसायला जागा उंचावर लागते, आणि उंचावरून देखाव्याबरोबर बिल्डिंगीही दिसतात. घोडबंदरच्या किल्ल्यावर जितेंद्र खाडीकडे हात करून बोलत होता आणि पाहुणे गुणवंतरावांभोवती जमून उलट्या बाजूला बोटं दाखवत होते.

"अंकल, आमची ती गुलाबी! दोन टाक्यांची," संचिता नावाची नुकतीच लग्न झालेली मुलगी म्हणाली. "टेन्शन आलंय मला."

"निळाई रेसिडेन्सी. ओसी आहे."

"थँक गॉड!"

"पण तुमचं पार्किंग आहे ना, तिथे नकाशात बाग आहे."

"मग आम्ही गाडी कुठे लावतोय?"

"बागेत."

संचिता नवऱ्याला फोन लावत बाजूला झाली आणि तिच्या जागी दुसरे दोघे आले. शैला कठड्यापाशी उभी होती. ती जवळ आली.

"अहो, खाडी तिकडे आहे."

"बघतोय की."

"खाडीकडे पाठ करून?"

गुणवंतरावांनी ऐकलं, पण ऐकलं नाही. त्यांची नजर जितेंद्रवर होती. त्याच्यापुढे आता फक्त एक आजोबा उभे होते, आणि त्यांनाही बहुतेक बूट बांधायचे होते. माइक धरलेला जितेंद्रचा हात हळूहळू खाली आला. ते बघून गुणवंतरावांना इतका आनंद झाला की आपण कशासाठी आलोय हेच ते विसरले.

मोरव्याला मिठागरांच्या बांधावर तर कहरच झाला. पांढऱ्या ढिगांच्या मधे पाण्यात बगळ्यांचा थवा उतरला होता, आणि झाडून सगळे पाहुणे लांबच्या भाईंदरच्या बिल्डिंगींकडे तोंड करून उभे होते. हसमुखभाईंनी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावून स्पीकरवर टाकलं होतं, आणि दोघेही एकाच वेळी ओरडत होते. बांधावर ताडगोळे विकायला बसलेल्या गोदूबाई पाटी सोडून उठल्या.

"काय झालंय तिकडं? आग लागली का?"

"न्हाई मावशी," शैला त्यांच्याच भाषेत म्हणायला गेली, "ओसी बघतायत."

"ती कंची पाखरं?" गोदूबाईंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "पाखरं तर हिकडं हायत. तिकडं काय बी न्हाय."

सेक्रेटरीचा फोन वीस मिनिटं चालला. जितेंद्र घड्याळ बघत सगळ्यांना विनवत होता, "चला मंडळी, सूर्य काही आपल्यासाठी थांबणार नाही." शेवटी कसेबसे सगळे बसमध्ये चढले. पण बस सुरू झाली तेव्हा संचितानेच ओरडून सांगितलं, "जितेंद्र सर, माइक अंकलना द्या ना! मागे काहीच ऐकू येत नाही."

"द्या, द्या!" अख्खी बस म्हणाली.

जितेंद्रने मुकाट्याने माइक पुढे केला. गुणवंतराव शर्ट नीट करत उठले, पुढे जाऊन ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहिले आणि माइकवर दोनदा फुंकर मारली. चौतीस वर्षांत त्यांना कुणी माइक दिला नव्हता. ते बोलायला लागले आणि मग त्यांचं लक्ष ड्रायव्हरच्या आरशाकडे गेलं.

बसमध्ये एकच सीट रिकामी झाली होती, ती त्यांची. तिच्यावर जितेंद्र बसला होता.

"तर कम्प्लीशन सर्टिफिकेट आणि..." गुणवंतराव अडखळले. आरशात जितेंद्र शैलाला हळूच काहीतरी सांगत होता. शैला ऐकत होती. आणि मग ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवून हसली. असं ती शेवटची कधी हसली होती ते गुणवंतरावांना आठवेना, आणि त्या वेळी कारण आपण होतो का, हेही आठवेना.

"आणि काय, काका?"

"आणि... बाकीचं नंतर," ते म्हणाले आणि पाय उचलला.

"असं कसं? आमचा नंबरच नाही आला!" "माझं जमीन नावावर करायचं डीम्ड कन्व्हेयन्स राहिलंय!" "गुणवंतभाई, मेरा तो पहला नंबर था!" तिसऱ्या रांगेतून एक हात आला आणि त्याने त्यांचा शर्ट धरला.

आरशात शैला आता खिडकीबाहेर काहीतरी दाखवत होती. म्हणजे दाखवतही होती! एकतीस वर्षांत तिने गुणवंतरावांना कधी काही दाखवलं नव्हतं.  लोकांना कटवायचा जो पहिला उपाय सुचला तो त्यांनी माइकमध्ये सांगून टाकला.

"हे बघा, सगळ्यांचं सगळं बघून देतो. पुढच्या रविवारी चार वाजता माझ्या घरी या. कागद घेऊन या. आता मला सीटवर जाऊ द्या!"

टाळ्या पडल्या. पण सीटवर जाणं काही झालं नाही, कारण तेवढ्यात बस चौकला पोचली होती. दार उघडलं, जितेंद्र आणि शैला पहिले उतरले, आणि उरलेल्या सबंध बसने पत्ता लिहून घेण्यासाठी गुणवंतरावांना दारातच गाठलं.

"विंग कौनसी, गुणवंतभाई?"

"ए. ए विंग. सोडा मला."

"लिफ्ट है?"

"आहे. अहो, सूर्य..."

"लिफ्टकी ओसी है?" हसमुखभाईंचा आता कशावरच विश्वास राहिला नव्हता.

गुणवंतराव सुटले ते अक्षरशः धावत सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस चौकच्या चढणीवर जितका धावू शकतो तितके धावले. वर समुद्राचा वारा तोंडावर आला. पश्चिमेला एक लालसर रेघ उरली होती. पलीकडे वसई धूसर झाली होती, आणि होड्यांवरचे दिवे लागले होते. किल्ल्याच्या कठड्यावर शैला बसली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर जितेंद्र बसला होता. मधल्या जागेत शैलाने आपली पर्स ठेवली होती, बसमध्ये जागा धरायला ठेवतात तशी.

गुणवंतराव धापा टाकत समोर जाऊन उभे राहिले. शैलाने पर्स उचलली.

"बसा. बुडला आत्ताच."

जितेंद्र उठून बाजूला गेला. गुणवंतराव बसले. दम परत यायला थोडा वेळ लागला, आणि आल्या आल्या त्यांनी तो खर्च केला.

"काय सांगत होता तो एवढं?"

"इथे? काहीच नाही. गप्प बसलो होतो."

 बोलण्यात गुणवंतरावांनी जितेंद्रला हरवलं होतं. गप्प बसण्यात कसं हरवायचं?

"आणि बसमध्ये हसत होतीस ते?"

"त्यांच्या बिल्डिंगचं सांगत होते. तुम्हाला विचारायचं होतं त्यांना, पण हिंमत होत नव्हती. मी म्हटलं, विचारू नका. सुखाने राहताय ना, राहा."

गुणवंतराव पाण्याकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. त्या हातभर जागेत आपण बसायला हवं होतं, ती आपल्यासाठीच धरून ठेवली होती, आणि आपण खाली लिफ्टबद्दल बोलत होतो.

"शैला, चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी परत येऊ. मी एक अक्षर बोलणार नाही. शपथ."

"मी येणारच आहे. जितेंद्रना नावसुद्धा देऊन झालं."

"दोघांचं ना?"

"एकटीचं. तुम्हाला कुठे जमणार आहे?"

"मला काय झालंय न जमायला?"

शैलाने नुसतं चढणीकडे बोट दाखवलं. हसमुखभाई फोन कानाला लावून वर येत होते आणि लांबूनच हात हलवत होते. "गुणवंतभाई! पूरी कमिटीको बोल दिया. सोलह आदमी. संडे, चार बजे, पक्का ना?"

"सोळा कप माळ्यावर आहेत," शैला म्हणाली. "जाताना काढून ठेवते."

गुणवंतरावांनी जितेंद्रकडे बघितलं. तो कठड्यापाशी मान वर करून एकटाच उभा होता, आणि इकडे सोळा माणसं गुणवंतरावांना ऐकायला येणार होती.

"पक्का," गुणवंतराव म्हणाले.