आईचा किलो

बाबांनी तिसरा पाव ओट्यावर आपटला. टवका उडाला तो ओट्याचा.

“वीट झालीय,” लेक म्हणाली.

“वीट तीन किलोची असते. हा चौदाशे दहा ग्रॅम आहे.”

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी जेवताना “मीठ वाढ, दोनशे मिलिग्रॅम” असंच म्हणायचे. “लग्नाआधी वाटलं होतं, माणूस मोजकं बोलतो,” आई म्हणायची, “हा तर मोजल्याशिवाय बोलतच नाही!”

आईला जाऊन सात महिने झाले होते. बाबांचं वजन बासष्टवरून अठ्ठावन्नवर आलं होतं. लेकीने विषय काढला की म्हणत, “चारच हजार ग्रॅम तर आहेत.” काल मात्र ताट सरकवून पुटपुटले, “तिचा पाव असता तर खाल्ला असता.” लेकीने लगेच आईची वही शोधून काढली. पीठ एक किलो, पाणी निळं भांडं भरून, मीठ दोन चमचे.

“भांडं तेच, चमचा तोच,” बाबा नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे बघत म्हणाले. “पीठ बरोबर एक हजार ग्रॅम. मग चुकतंय कुठे?”

“आईचा हात नाहीये, बाबा.”

“हात हे एकक नाही.”

लेक वीट टाकायला निघाली आणि दाराशी ठेचकाळली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे कायम एक जुनं लोखंडी वजन असे. अंगठा धरून ती खाली बसली, आणि तिची नजर त्या वजनावर गेली.

“बाबा, आई तराजूत पीठ मोजायला हेच घ्यायची. पावाच्या दिवशी दार आपटायचं, आठवतं?”

बाबांनी वजन काट्यावर ठेवलं. नऊशे पस्तीस ग्रॅम. उलटं केलं. बुडाला खिळ्याने कोरलेली फुली होती.

“ही नापासाची फुली माझी आहे,” ते हळूच म्हणाले. “एका किराणा दुकानात पकडलं होतं. जप्त वजनं वितळवायची भट्टी त्या दिवशी बंद होती, म्हणून घरी आणलं. अहवालात मात्र लिहिलं, ‘नष्ट केले’.”

“म्हणजे तीस वर्षं निरीक्षकाच्या घरात खोटं माप?”

“आणि मी दर वेळी आणखी एक तुकडा मागत होतो.”

चौथा पाव त्या वजनाने झाला. सुरी टेकताच खाली गेली. बाबांनी पहिला घास घेतला आणि अख्खा तुकडा संपवला. मग कागद-पेन्सिल ओढून भागाकार मांडला.

“आता काय मोजताय?”

“माझं वजन. तिच्या किलोने.” त्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. “बासष्ट. काहीही कमी झालेलं नाही.”

“बाबा, हे खोटं माप आहे. तुम्हीच नापास केलेलं.”

“फेरतपासणीत पास,” बाबा म्हणाले आणि ताटली पुढे केली. “अजून एक तुकडा दे.”

“किती ग्रॅम?”

“तिच्यासारखा काप. अंदाजे.”