धुऱ्यापलीकडचा देश

खुशालने चहा उभ्यानेच प्यायला, अर्धा सदऱ्यावर सांडला आणि पुन्हा शेतातल्या बांधीकडे जाऊन आला. उद्या रोवण्याच्या बाया येणार होत्या आणि त्याच्या धानाच्या बांधीत चिखल सोडा, धड ओलही नव्हती. वरच्या, ठमाबाईच्या बांधीत मात्र पाणी काठोकाठ होतं. दोघांमधल्या धुऱ्याच्या बांधातून खाली पाणी सोडायचं तोंड तिने मातीने बुजवून टाकलं होतं. कोणाच्या रोवण्याची पाळी कधी ते ठरवून बायांना घेऊन यायची तीही ठमाबाईच. पण पाळी वेगळी आणि पाणी वेगळं, अशी तिची रीत. पाळी हुकली तर लावणीला आलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडणार होते. त्याला एका जागी बसवेना.

ओसरीवर त्याची मुलगी दिव्यानी भिंतीशी भांडत होती. ती चंद्रपूरला वकिली शिकत होती. कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यात तिला एका नदीवरून भांडणाऱ्या दोन देशांपैकी खालच्या देशाची बाजू मांडायची होती.

"वरच्या देशाने पाणी अडवून खालच्याचं मोठं नुकसान करू नये," ती भिंतीला बजावत होती. "पाणी दोघांनी वाजवी वाटून घ्यावं."

खुशाल थबकला. "हा कायदा कुठचा व?"

"देशादेशांतल्या नद्यांचा, बाबा."

"नाई मानला त पोलीस येते?"

"पोलीस नसते त्याले. पुढं आपली गरज अडन म्हणून मानतेत सारे..."

पुढचं खुशालने ऐकलंच नाही. "चाल," तो म्हणाला.

ठमाबाई अंगणात तंबाखू मळत होती. दिव्यानीने कायदा सांगितला, आणि ठमाबाईने तोंड उघडलं की खुशाल मध्येच "आमी खालचा देश" म्हणून तिला गप्प करत राहिला. एरवी शब्दाला शब्द देणारी ठमाबाई मग तंबाखू मळता मळता नीट ऐकू लागली.

"म्हणजे वरच्यानं खालच्याले पानी द्याच लागते?"

"द्याच लागते," खुशाल म्हणाला.

"वरचा कोनीही असो?"

"कोनीही असो."

"मंग सोडते ना भाऊ. कायदा आहे त आहे."

संध्याकाळी खुशालची बांधी भरली. लगेच त्याने फावडं घेतलं आणि आपल्या धुऱ्याचं खालचं तोंड मातीने गच्च बुजवलं.

"बाबा, आता आपन वरचा देश झालो," दिव्यानी म्हणाली.

"खाली देश आहेच कुठी? गोपालची बांधी पडीत आहे. तो हैदराबादले गेला."

सकाळी बाया आल्या, धुऱ्यावर ओळीने बसल्या आणि पाण्यात पाय सोडून गप्पा मारू लागल्या. पऱ्ह्यांना कोणी हात लावेना. खुशाल धुऱ्यावरून येरझाऱ्या घालू लागला.

"काऊन बसल्या, ठमाबाई?"

"गोपालनं औंदा बांधी मले करायले देल्ली," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "आता मी खालचा देश आहो. सारं पानी नको भाऊ, वाजवी वाटून दे."

खुशालने मुलीला बाजूला घेतलं. "वरच्या देशाच्या बाजूनं काईच नाई काय?"

"लय आहे. पन ते काल ठमाबाई बोलून राह्यली होती, तुमी बोलूच नाई देल्लं."

खुशालने फावडं उचललं. माती निघाली, पाणी धुऱ्यापलीकडे धावलं आणि बायांनी पऱ्ह्यांच्या जुड्या हातात घेतल्या.

"तू त म्हणे या कायद्याले पोलीस नसते," तो घाम पुसत म्हणाला.

दिव्यानीने चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेकडे पाहिलं. "आमच्या पुस्तकात नसते, बाबा."