थोरल्या डोळ्याची परवानगी

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्याने लग्नाच्या दिवशी सकाळी लेन्स घालून घ्यायला नकार दिला, आणि विचारल्यावर मानपानाचं कारण सांगितलं.

मला नवल वाटलं नाही. डोळ्याच्या आधी कमलआत्या साडीवरून रुसून बसली होती, तिच्या आधी बँडवाला. दोघांच्याही समजुती मीच काढल्या. नवऱ्या मुलाची थोरली, बिनलग्नाची बहीण ही लग्नघरात सगळ्यांच्या हक्काची असते. संगमनेरच्या त्या कार्यालयात मी आदल्या संध्याकाळपासून उभी होते आणि मला खरं तर कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

हेरंबला, म्हणजे माझ्या भावाला, जाड भिंगाचा चष्मा आहे. चष्मा काढला की त्याला माणूस कुठलं आणि कपाट कुठलं ते कळत नाही. पण केतकीने लग्न ठरताना एकच गोष्ट मागितली होती. अंतरपाट खाली आला की मधे चष्मा न ठेवता तू माझ्याकडे नीट बघायचंस. बाकी तिने काही म्हणजे काही मागितलं नाही. म्हणून हा बिचारा मऊ लेन्स करून घेऊन आला होता.

दुकानदाराने बजावलं होतं की रोज उजव्यापासूनच सुरुवात करा, म्हणजे अदलाबदल होत नाही. आमच्याकडे तसंही शुभकार्य उजव्यानेच सुरू करतात, त्यामुळे कोणी शंका काढली नाही. हेरंबने हात धुतले, लेन्स बोटावर घेतली, खालची पापणी ओढली. लेन्स आधी बोटालाच चिकटून बसली. मग तिची घडी पडली, मग ती उलटी निघाली. अर्ध्या तासाने एकदाची उजव्या डोळ्यात बसली. डाव्याची पाळी आली तेव्हा तो मिटला तो मिटलाच.

"धाकट्याचं आधी केलंत," डावा डोळा म्हणाला. "आता आमचं कशाला करता?"

आईने जरा आठवून पाहिलं आणि ते खरं असल्याचं सांगितलं. हेरंब जन्मला तेव्हा डावा डोळा आधी उघडला होता, उजवा दुसऱ्या दिवशी. घरात ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

पहिल्यांदा मामांना पाठवलं. मामांनी डोळ्याला टॉवेल-टोपी देऊ केली. डोळ्याने पाणी काढून ती नाकारली. मग गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, थोरल्याला डावलून धाकट्याचं करायचं तर थोरल्याची परवानगी घ्यावी लागते, ती तुम्ही घेतलेली नाही. उजव्याची काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू का, असं मी विचारलं. उजव्याची काही हरकत नव्हती, दादाने आधी घ्यावी असं त्याचंही मत पडलं. पण डावा म्हणाला, झालं ते झालं, ते काढून न झाल्यासारखं होत नाही. हे त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं आणि सगळे घड्याळाकडे बघू लागले.

"त्याच्याशी थोरल्यानेच बोललं पाहिजे," गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. हेरंबला बाहेर पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला गप्प बसायला सांगितलं. त्याच्या मुंडावळ्या बाजूला केल्या, खुर्ची ओढली आणि डोळ्यासमोर बसले. मुहूर्त आला आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं.

"ताई, तुला विचारलं होतं का कोणी?" तो म्हणाला. "याचं आधी करू का म्हणून?"

मी नाही म्हटलं. मला एकदम साखरपुड्याची तारीखच कळवली होती, आणि हॉल बघून ये म्हणून सांगितलं होतं.

"मग तू का नाही रुसलीस?"

"वाईट वाटलं मला," मी म्हटलं. "फार वाटलं. पण रुसायचं तर समजूत काढायला कोणीतरी यावं लागतं. या घरात ते काम माझ्याकडे आहे."

हेरंब सांगितल्याप्रमाणे गप्प होता. पण उजव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, आणि आत बसवलेली लेन्स त्यात हलू लागली. मी त्याला दटावलं, की रडलास तर तीही जाईल. बाहेर बँड सुरू झाला.

मग मला एकदम कंटाळा आला. सगळ्याचाच. जे कोणीतरी माझ्या बाबतीत करायला हवं होतं ते मी डोळ्याच्या बाबतीत केलं. उठून उभी राहिले, पदर सारखा केला आणि नीट विचारलं, की धाकट्याचं आधी करतो आहोत, तर तुमची काही हरकत नाही ना?

डोळ्याने बराच विचार केला.

"होती," तो म्हणाला. "आता नाही."

तो उघडला. मी बोट पुढे नेलं आणि लेन्स पहिल्याच खेपेला बसली.

मांडवात मी अक्षतांचं ताट घेऊन हेरंबच्या डाव्या अंगाला उभी राहिले. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. उजवा डोळा केतकीकडे बघू लागला, तिला हवं होतं तसं, नीट. डावा माझ्याकडे बघत होता. मी मानेने खूण केली, तिकडे बघ. त्याने ऐकलं नाही. ताट हातात असल्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.

केतकीच्या ते लगेच लक्षात आलं. हार हातात धरून तिने डाव्याची नजर कुठे जाते ते पाहिलं, आणि मधे येऊ नये म्हणून ती एक पाऊल बाजूला सरकली.

फोटोत हेरंब तिरळा आला आहे. फोटोवाल्याने संगणकावर दुरुस्त करून देऊ का म्हणून विचारलं.

"नको," केतकी म्हणाली. "थोरले आहेत. कुठे बघायचं ते त्यांना आपण कोण सांगणार?"