‘लोखंडी पहाट’ आणि तुंबलेलं बेसिन

हेडबाईंच्या दाढेत डॉक्टरांचं ड्रिल चालू होतं आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ. दोन्ही गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग रेडिओवर गिटार वाजली आणि डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

ती गिटार त्यांनी झोपेतही ओळखली असती. ‘लोखंडी पहाट’ची सुरुवात होती ती. या गाण्यापायी डॉक्टरांनी कॉलेजात असताना केस खांद्यापर्यंत वाढवले होते आणि वडिलांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या होत्या. पुढे केस गेले, श्रद्धा मात्र डोक्यात घट्ट राहिली. चौघांचा तो रॉक बँड केव्हाच फुटला होता. दोघे वारले, तिसऱ्यानं शेळ्या पाळल्या, आणि राहिला तो गिटारवाला कुठे गडप झाला कुणास ठाऊक. डॉक्टरांची बायको त्या चौघांना ‘केसाळ मंडळी’ म्हणायची. तेवढ्यावरून घरात दोनदा अबोला झाला होता.

“ऐका हं, बाई,” डॉक्टर हेडबाईंना म्हणाले. “रेडिओला आज सुबुद्धी सुचलेली दिसते.”

गिटार चढत गेली. आता गायकाचा तो काळीज चिरत जाणारा आवाज येणार म्हणून डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि त्या जागी एक लहान पोर केकाटलं, “तुंबलं? तुंबलं? ‘सरसर’ ओता, घाण पळवा!”

डॉक्टरांनी डोळे उघडले. मागे गिटार वाजतच होती, तीच, तोडून तोडून, पुन्हा पुन्हा तेवढाच तुकडा. त्यावर बेसिनमधून पाणी गेल्याचा आवाज ठेक्यात बसवला होता.

“ऐकलंत?” डॉक्टर म्हणाले.

“आँ,” हेडबाई म्हणाल्या. शाळेत असताना त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा. पण तोंडात कापूस, आरसा आणि लाळ ओढायची नळी असली की भल्याभल्यांचं वक्तृत्व एवढ्यावर येतं. डॉक्टरांनी तो पाठिंबा समजला आणि ड्रिल ठेवून ते तडक बाहेर आले.

बाहेर काउंटरवर बायको बसली होती. पेशंटांच्या वेळा, फोन आणि डॉक्टरांचा राग, असं तिन्ही तीच सांभाळायची.

“नंबर टिपलास का त्यांचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुणाचा?”

“त्या गटारवाल्यांचा!”

“अहो, आत बाई तोंड उघडून बसल्यात.”

“बसू देत दोन मिनिटं. इथे माझं तोंड उघडायची वेळ आलीय.”

“आणि तुमच्या केसाळ मंडळींनी तरी सगळं स्वतःचंच केलं होतं का? पहिल्या रेकॉर्डवर कुणा जुन्या म्हाताऱ्या गायकाचं गाणं घेतलं होतं, तुम्हीच सांगितलंत.”

“ती आदरांजली होती!”

“मग हीसुद्धा आदरांजलीच समजा. बेसिनतर्फे.”

डॉक्टरांनी ‘सरसर’चा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. ‘आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा,’ असं एक बाई म्हणाली आणि सॅक्सोफोन सुरू झाला. पहिल्या दोन सुरांत डॉक्टरांचा चेहरा बदलला, चौथ्या सुराला कान लाल झाले. तीच ‘लोखंडी पहाट’, पण हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतात तसली, मऊ, गुळगुळीत. सिंहाला धरून आंघोळ घालावी, पावडर थापावी आणि मांडीवर झोपवावं, तसं त्या गाण्याचं केलं होतं.

“सॅक्सोफोनवर!” डॉक्टर किंचाळले. “अगं, यांनी ते सॅक्सोफोनवर घेतलंय!”

“फोनवर आहे ना? मग ठीक आहे,” बायको म्हणाली.

शेवटी पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. “नमस्कार, ‘सरसर’ ग्राहक सेवा. काय अडचण आहे सर?”

“अडचण? सत्यानाश केलाय तुम्ही!”

“कशाचा, सर?”

“गाण्याचा!”

“न्हाणीचा. बरं. आणखी कुठे?”

“आणखी कुठे म्हणजे? इतक्या सुंदर गोष्टीत तुम्ही घाण ओतलीत, कळतंय का?”

“घाण कधीपासून आहे, सर?”

“तुमचं ‘सरसर’ सुरू झाल्यापासून! त्याआधी सगळं स्वच्छ होतं!”

मुलीचा आवाज एकदम गंभीर झाला. “म्हणजे आमचं ‘सरसर’ वापरल्यावर तुंबलं?”

“ते मला तुमच्याशी बोलायचंच नाही. तुमचा जबाबदार माणूस इथे पाठवा. समोरासमोर होऊन जाऊ दे!”

“नक्की सर. आत्ताच पाठवते, आमचा माणूस तुमच्याच भागात आहे. पत्ता सांगा.”

डॉक्टरांनी पत्ता खणखणीत आवाजात सांगितला. फोन ठेवून ते छाती काढून आत गेले आणि हेडबाईंना म्हणाले, “येतोय. हातापाया पडत येतोय.”

“आँ?” हेडबाई म्हणाल्या.

भूल पुन्हा द्यावी लागली. ती नीट चढेपर्यंत डॉक्टरांनी हेडबाईंना बँडचा इतिहास सांगितला. जुन्या गाण्याचा एखादा लचका तोडून त्यावर नवी गाणी रचायची ही काय फॅशन आहे, एका पोरीनं हेच गाणं कुजबुजत कसं म्हटलंय, दुसऱ्यानं व्यायामशाळेसाठी त्याला दुडक्या चालीवर कसं पळवलंय, सगळं साग्रसंगीत सांगितलं. हेडबाईंच्या चेहऱ्याचा डावा भाग बधिर होता आणि उजवा हताश.

एवढ्यात दार उघडलं. पिवळं जाकीट घातलेला एक दणकट माणूस खांद्यावर तारेचं मोठं वेटोळं आणि हातात पाना घेऊन आत आला. येताना शीळ घालत होता. डॉक्टरांनी कान टवकारले. शीळ जाहिरातीचीच होती.

“तुम्ही ‘सरसर’चे जबाबदार?” डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

“हो साहेब. प्लंबर. कुठंय?”

“काय कुठंय?”

प्लंबरनं खिशातून फोन काढून वाचलं. “न्हाणी. सत्यानाश. सगळीकडे घाण. आमच्यामुळेच. तातडीचं.” मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. त्याची नजर हेडबाईंवरून खुर्चीशेजारच्या बेसिनवर स्थिरावली. “हेच ना?”

“अहो, ते व्यवस्थित आहे! माझी तक्रार गाण्याबद्दल आहे!”

“असेल साहेब. पण तातडीचं म्हटलंय, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय मला जाता येत नाही. वरून विचारतात.” तो बेसिनखाली आडवा झालासुद्धा, आणि पाना फिरवता फिरवता त्यानं पुन्हा शीळ सुरू केली.

डॉक्टरांनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांना राहवेना.

“खाली नाही, वर!”

“पाइप?” प्लंबरनं खालून विचारलं.

“सूर! तिथे सूर वर जातो. तुमच्या त्या पोरानं वाटेल तसं वळवलंय. मूळ असं आहे.” डॉक्टर वाकले आणि त्यांनी शीळ घालून दाखवली. तोंडावर मास्क असल्यामुळे ती फुसकी निघाली. त्यांनी मास्क ओढून हनुवटीखाली घेतला आणि पुन्हा घातली.

प्लंबर रसिक निघाला. “अरे वा,” म्हणत त्यानं तशीच शीळ घालून पाहिली.

“जवळ आलात. अजून वर. ताणा, ताणा, सोडू नका!”

प्लंबरनं सूर ताणला, आणि सुराबरोबर हातातला पानाही ताणला. खाट् करून काहीतरी सुटलं आणि बेसिनखालून पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला.

मग एकच धांदल उडाली. प्लंबर दोन्ही हातांनी पाइप दाबून ओरडत होता, “बंद कुठून होतं? बंद कुठून होतं?” डॉक्टरांना आपल्याच दवाखान्यातलं पाणी कुठून बंद होतं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सुचेल ते केलं, म्हणजे खुर्चीचं पेडल दाबलं. हेडबाई पाण्यातून संथपणे वर उचलल्या गेल्या आणि छताजवळच्या दिव्याखाली जाऊन थांबल्या. तिथून त्या हात नाचवत ओरडू लागल्या, “आआए! आआए ओआ आहे!”

“दुखतंय का?” डॉक्टरांनी खालून विचारलं.

हेडबाईंनी डोळे गरागरा फिरवले. “आआए!”

“अजून थोडी भूल देऊ?”

तेवढ्यात बायको धावत आली. “अहो, बाई म्हणतायत दारामागे कॉक आहे!” तिनं दारामागचा कॉक पिळला आणि फवारा थांबला. बायकोला बधिर तोंडाची भाषा कळते हे डॉक्टरांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

पाणी खालच्या मजल्यावर गेलं होतं. खाली गाद्यांचं दुकान होतं. गाद्यांनी सगळं पाणी मुकाट्यानं पिऊन टाकलं. बोलला तो गादीवाला. तो अर्धा तास बोलला. प्लंबरनं पाइप बसवून दिला आणि जाताना म्हणाला, “साहेब, गाणं भारी आहे हो. जाहिरातीत एवढं कळत नाही.” हेडबाईंच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून त्यांना खाली उतरवलं. तोंड बधिर असूनही त्या जिन्यावरून काहीतरी बोलल्या. त्याचा अर्थ बायकोनं सांगितला नाही.

संध्याकाळी डॉक्टरांची मुलगी आली. ती एका जाहिरात कंपनीत होती आणि आईनं फोन केल्यामुळे ऑफिसातून थेट आली होती. तिनं बाही वर सारून फडकं घेतलं आणि मुकाट्यानं जमीन पुसायला लागली. डॉक्टर ओल्या मोज्यांनिशी स्टुलावर बसून तिला सगळं पहिल्यापासून सांगत होते.

“ज्या कुणी गाढवानं ही जाहिरात केली असेल ना—”

“बाबा,” मुलगी मान वर न करता म्हणाली, “ती मी केलीय.”

डॉक्टर स्टुलावरून अर्धे उठले.

“ते सॅक्सोफोनवालं माझं नाही,” ती घाईनं म्हणाली. “ते फोनवाल्यांनी परस्पर केलं. मी फक्त सुरुवातीचं सॅम्पल घेतलं.”

“सॅम्पल! सॅम्पल रक्ताचं घेतात, लघवीचं घेतात! गाण्याचं घेत नाहीत!” डॉक्टर उठून उभे राहिले. “तुला पाळण्यात ऐकवलं मी ते गाणं. ते काय गटारात ओतायला?”

“पाळण्यात ऐकवलंत म्हणूनच आठवलं ना!” आता तिचाही आवाज चढला. “मीटिंगमध्ये सगळे म्हणत होते, असं काहीतरी हवं की ऐकल्याबरोबर माणूस हातातलं काम टाकून उठला पाहिजे. मला असं एकच माहीत होतं. तुम्ही उठलात की नाही?”

डॉक्टर हात झटकून म्हणाले, “माझं सोड. ज्यांनी ते रक्त आटवून केलं, त्यांना विचारलंत का? तो गिटारवाला आज हयात असता तर—”

“हयात आहेत. करारावर सही करायला स्वतः आले होते.” तिनं फोन काढून एक फोटो पुढे धरला.

डॉक्टरांनी फोन दोन्ही हातांत घेतला. फोटोत त्यांची मुलगी होती, आणि तिच्या शेजारी, तिच्या खांद्यावर हात ठेवून, पांढऱ्या केसांचा तो स्वतः उभा होता. तोंडभर हसत होता.

“यानं... यांनी होकार दिला?” डॉक्टरांचा आवाज चिरकला. “‘लोखंडी पहाट’ विकली? कशासाठी?”

“दातांसाठी, बाबा. पाचसहाच उरले होते, तेही हलणारे. मला म्हणाले, या वयात टाळ्यांपेक्षा चावायला बरं वाटतं. सगळं तोंड नवं करून घेतलंय.”

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. आता पडद्यावर नुसतं हसू उरलं होतं. बघता बघता त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

“फोन लाव त्यांना.”

“बाबा, प्लीज. म्हातारे आहेत. त्यांना काही बोलू नका.”

“लाव म्हणतो ना!”

तिनं भीतभीत लावला. पलीकडून “हॅलो?” आलं. रेकॉर्डवर गायकाच्या मागे ऐकू यायचा तोच घोगरा आवाज. या आवाजाची गाठ पडली तर काय बोलायचं, याचं भाषण डॉक्टरांनी तरुणपणीच रचून ठेवलं होतं.

“डावीकडे चावताना खट् होतं का?” ते म्हणाले.

“होतं. कोण बोलतंय?”

“आणि ‘स’ म्हणताना शीळ वाजते?”

“वाजते हो! मी त्या दातवाल्याला सांगून दमलो. तो म्हणतो, सवय होईल.”

“सवय! डाव्या दाढा उंच बसवल्यात त्यानं. आणि पुढच्या दोन दातांमधली फट कुठे गेली? पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर इतकी स्पष्ट दिसते. मूळ काय होतं ते न बघताच त्यानं एकसारखी पाटी बसवून दिलीय. याला नक्कलसुद्धा म्हणत नाहीत!”

“लोक मला त्या गाण्याबद्दल विचारतात,” म्हातारा हळूच म्हणाला. “फटीबद्दल आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मलाही आरशात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.”

“मी दंतवैद्य आहे. शनिवारी या. मी बघतो.” डॉक्टरांनी मुलीचं नाव सांगून ओळख दिली.

“अरे, त्या पोरीचे वडील का? गुणी पोर आहे. बरं, जाहिरात ऐकलीत की नाही? कशी वाटली?”

मुलीच्या हातातलं फडकं थांबलं. बायको दारात येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी छातीभर श्वास घेतला. सकाळपासून ज्याच्यासमोर बोलायचं होतं असा एकमेव माणूस फोनवर होता आणि स्वतःहून विचारत होता.

“छान आहे,” डॉक्टर म्हणाले. “ठेका चांगला आहे. आणि ते पोरगं... सुरात आहे.”

डॉक्टरांनी फोन ठेवला.

“सुरात आहे?” मुलीनं विचारलं.

“लाज वाटायला पाहिजे!” डॉक्टर कडाडले. “असली फट कुणी बुजवतं?”

आणि तिच्या हातातलं फडकं हिसकावून घेऊन ते तावातावानं जमीन पुसायला लागले.