गुरुवारी मरणारा स्कॅनर

मी चिमाजी. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर उभ्या हयातीत इतके डबे उघडून तपासलेत, की नुसत्या झाकणाच्या आवाजावरून आत भेंडी आहे की गवार, हे सांगतो. अशी नजर, असे कान आणि असा मेंदू एकाच देहात क्वचित भेटतात. ते तिघं एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, असं माझी मुलगी प्राजक्ता म्हणते, पण ते सोडा. निवृत्तीनंतर मी गुप्तहेरगिरी सुरू केली. ती इतकी गुप्त राहिली, की अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

म्हणून जावयाच्या तळवड्याच्या शेडमधली केस मी न बोलावताच हाती घेतली. जावई ज्योतीराम गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. प्रत्येक खोक्याचं लेबल स्कॅन होऊन लॅपटॉपमध्ये चढल्याशिवाय चाकणची कंपनी माल आत घेत नाही. आणि दर गुरुवारी स्कॅनर मान टाकायचा. गेल्या खेपेला माल उशिरा पोचला, तेव्हा कंपनीनं स्पष्ट बजावलं होतं, आता उशीर झाला तर ऑर्डर दुसऱ्याला.

"नेमका गुरुवारच का?" मी कपाळाला बोट लावून विचारलं.

"गुरुवारी इथं लाइट नसते ना, मामा. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि स्कॅनर लॅपटॉपवर. मग हा मरतो का, तेच कळत नाही."

"लाइटचा संबंधच नाही. यात माणसाचा हात आहे!"

मी पहारा बसवला. गुरुवारी कामगार पोरं लॅपटॉपवर मोबाइल चार्ज करत बसायची, त्यांना आधी हुसकावलं. लॅपटॉपचा एकच पोर्ट धड होता, त्याला चार तोंडांचा हब लावलेला. एका तोंडात स्कॅनर. उरलेल्या तिन्हीत मी तपासाची सामग्री जोडली. पुरावे दिसायला छोटा दिवा, डोकं थंड ठेवायला छोटा पंखा, आणि गुन्हेगाराचं शूटिंग करायला माझा मोबाइल.

स्कॅनर एकदा 'टी' म्हणाला आणि गेला. दर गुरुवारपेक्षाही लवकर.

"पाहिलंस? मी आल्याचं कळताच गुन्हेगार बिथरला!"

प्राजक्तानं स्कॅनर दोनदा झटकून पाहिला.

पहिला संशय प्रज्वलवर, कारण पॅकिंगच्या या पोराचा गुरुवारी उपास असतो. साबुदाण्याच्या चिकट हातानं त्यानं स्कॅनरची काच माखली असणार! मी त्याची बोटं हुंगली.

"आजोबा, मी फक्त केळी खातो," तो म्हणाला.

दुसरा संशय वायर कुरतडणाऱ्या उंदरावर. त्याचा मार्ग तपासताना मी बाकाखाली अडकलो. मला बाहेर ओढण्यात दोन माणसं आणि बराच वेळ गेला.

"आप्पा, पाया पडते, आता पुरे," प्राजक्तानं हात जोडले. "ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लागेल हो." लेकीसाठी काहीतरी करायलाच हवं होतं.

तेवढ्यात शेडचे मालक बबनराव आले. दर गुरुवारी ते दत्ताच्या देवळातून चहाला इथंच येतात. गुरुवार! जास्त भाडं देणारा भाडेकरू आणायचा डाव! मी खोक्यांमागे दबा धरला.

बबनराव टेबलाशी टेकले. गाल दाबत त्यांनी पंख्याची वायर उपटली. दिव्याची उपटली. मोबाइलचीही उपटली.

"चोर सापडला!" मी झेप घेतली. चार खोकी माझ्यासोबत आली.

"आरं काय चोर? दाढ ठणकतीय, त्यात ह्यो पंखा! दिवा डोळ्यात, आन् ह्यो फोन माझंच थोबाड दाखवतोय मला!"

"टी," मागून आवाज आला. "टी. टी. टी."

प्राजक्ता सटासट खोकी स्कॅन करत होती. मग थांबून तिनं कपाळावर हात मारला.

"कसं लक्षात आलं नाही माझ्या! एका पोर्टमधून वीज येते थोडीशी. दर गुरुवारी लाइट नसली की पोरांचे मोबाइल, आज तुमचा पंखा-दिवा. त्या पंगतीला चार जण बसवले तर स्कॅनर उपाशीच राहणार. जास्त खेचलं तर पोर्टही जळायचा. स्कॅनर सरळ लॅपटॉपला लावायचा. एवढं सगळं जोडायचंच असेल, तर हब स्वतःच्या अडॅप्टरवाला हवा, तो भिंतीतून वीज घेतो."

"आज भिंतीत वीज कुठंय?" मी चूक अचूक पकडली.

"म्हणून आज पंखा पॉवर बँकेवर, आप्पा. पण लॅपटॉपनं तशी सूचना कशी दिली नाही?"

"कोपऱ्यात इंग्रजीतली? दिली की. चारदा. मी जाहिरात समजून बंद केली."

बबनराव दाढदुखी विसरून हसले.

ज्योतीराम मात्र गुणी. तो अदबीनं म्हणाला, "मामा, टेम्पोसोबत तुम्ही जातीनं जा. मोलाचा माल आहे, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही." माझी छाती फुगली. लेकीचा संसार सावरणारा माल माझ्या ताब्यात! मी ऐटीत केबिनमध्ये बसलो.

टेम्पो देहूरोडकडे वळला.

"अहो, चाकण तिकडं राहिलं!"

"माल शेडवर दुसऱ्या टेम्पोत भरतायत, काका," ड्रायव्हर म्हणाला. "आपला रिकामाच आहे. ज्योतीरामभाऊ म्हणाले, शेवटचं खोकं स्कॅन झाल्याचा फोन येईपर्यंत यांना फिरवत राहा."