बारा शूर आणि एक मिशीवाला

सरदार ओस्बर्नचा घोडा तिसऱ्यांदा उसवायची पाळी आली, तेव्हा वुल्फ्रनने सुई कापडात खुपसून ठेवली आणि सरळ विचारलं, "सरकार, घोडा केवढा हवा ते एकदाच काय ते सांगून टाका."

"माझ्या पराक्रमाला शोभेल एवढा," ओस्बर्न म्हणाला.

"मग शिंगरूसुद्धा मोठंच व्हायचं," कोपऱ्यात लोकर पिंजत बसलेली हिल्ड पुटपुटली.

हिल्ड गढीवरची धोबीण. हेस्टिंग्जच्या लढाईनंतर आठवड्याभरात समुद्रापलीकडचा हा नॉर्मन ओस्बर्न गावाचा मालक होऊन आला, तेव्हा त्याचे कपडे तिनेच धुतले होते. रक्ताचा थेंब नाही, गुडघ्यापासून कोपरापर्यंत नुसता चिखल. स्वारी पहिल्याच धावेत घोड्यावरून चरात पडली आणि लढाई संपेस्तोवर तिथून उठली नाही, हे ओळखायला तिला दुसरा साक्षीदार लागला नाही. इतिहास कोणी का लिहीना, खरा तो धोबिणीलाच ठाऊक असतो.

पण त्या एका दिवसात इंग्लंड नॉर्मनांच्या घशात गेलं आणि हे गाव ओस्बर्नच्या. आता त्याला गढीच्या दिवाणखान्यात वीस हात लांबीचा भिंतपट हवा होता. लढाईचं चित्र, आणि सगळ्यांच्या पुढे तो. भरतकामात वुल्फ्रनचा हात धरील अशी बाई अख्ख्या केंट परगण्यात नव्हती, म्हणून काम तिच्याकडे आलं. सेंट मायकेलच्या सणाला बिशप जेवायला येणार होते. त्या दिवशी पट तयार असला आणि त्यांना आवडला, तर वुल्फ्रनचं घर वुल्फ्रनला. नाहीतर तिथे ओस्बर्नचे शिकारी कुत्रे राहायला येणार.

ते घर तिच्या नवऱ्याने, एल्फगारने, स्वतः ओकचं लाकूड तासून बांधलं होतं. त्याच लढाईत तो गेला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. त्याचं म्हणून उरलं होतं ते एवढं घर.

तेव्हा घोडा उसवला आणि मोठा केला. कापड काही वाढत नव्हतं, म्हणून घोड्याच्या ढुंगणासाठी आठ इंग्रज शिपाई उसवावे लागले. चित्रात कोण कुठला हे ओळखणं सोपं होतं. मिशीवाले ते इंग्रज, मानेपर्यंत भादरलेले ते नॉर्मन.

मग शेजारचा सरदार रेनफ्रे पट बघायला आला.

"मी कुठाय?"

"हे काय, सरदारांच्या मागे."

"मागे? मी मागे? ह्याच्या?" रेनफ्रे ओस्बर्नकडे बघून असा हसला, की ओस्बर्न घाईघाईने म्हणाला, "ए बाई, ह्यालाही पुढे घे."

ही बातमी केंटभर पसरायला किती वेळ लागणार? ज्याला त्याला पुढेच उभं राहायचं होतं. लढाईच्या दिवशी एवढी चढाओढ असती, तर लढाई न्याहारीच्या आतच संपली असती. एक सरदार आला, चार इंग्रज उसवले. दुसरा आला, पाच उसवले. बारा सरदार झाले. मग ओस्बर्नची बायको आली.

"बाईसाहेब, तुम्ही तर तेव्हा समुद्रापलीकडे होता," वुल्फ्रन म्हणाली.

"मनाने मी तिथेच होते."

मनाला नेमकी तीन धनुर्धाऱ्यांइतकी जागा लागली. शेवटी ओस्बर्नचा लाडका कुत्राही पटावर आला. "म्हणजे घर पण कुत्र्यांना, कापड पण कुत्र्यांना," हिल्ड म्हणाली, आणि खऱ्या कुत्र्याच्या कमरेत तिने हळूच एक लाथ घातली.

सणाच्या आदल्या दिवशी पटावर एकच इंग्रज उरला. तेवढ्यात निरोप आला, त्या जागी सरकारांचा झेंडा हवा. वुल्फ्रनने कात्री उचलली आणि परत ठेवली.

"हा राहील."

"अगं, खुळी का तू? घर जाईल एका मिशीपायी!" म्हणत हिल्ड जवळ आली आणि वाकली. मिशीची डावी बाजू आखूड होती. विचारात पडला की एल्फगार तीच बाजू चावायचा, आणि त्यावरून वुल्फ्रन त्याच्याशी अकरा वर्षं भांडली होती. "कधी भरलीस गं?"

"मला तरी कुठं ठाऊक. हातानं भरलं." वुल्फ्रनला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "झेंडा घोड्याच्या शेपटीला बांधते. ह्याला हात लावायचा नाही."

सणाला दिवाणखान्यात पट टांगला. भाजलेला हंस संपवून, हात पुसत बिशप उठले आणि पटासमोर उभे राहिले. बाराही सरदार छात्या फुगवून मागे. दारात कुत्र्यांचा रखवालदार साखळ्या हातात घेऊन तयारच होता.

बिशपनी मोजलं. मग परत मोजलं.

"बारा सरदार, एक बाई, एक कुत्रा. आणि समोर हा एकटा?"

बाराही छात्या हळूहळू खाली बसल्या.

"ओस्बर्न, ह्या एकट्याला मारायला तुम्ही बारा जण लागलात? वर कुत्रा?" आणि बिशप इतके हसले, की त्यांना धरून बसवावं लागलं. "कोण रे हा वाघ? मिशी तर बघा त्याची!"

ओस्बर्न लालबुंद झाला. "ए बाई! बाकीचे इंग्रज कुठे गेले?"

"तुमच्या घोड्याखाली, सरकार."

रखवालदाराने साखळ्या खुळखुळवल्या. वुल्फ्रन पुढे झाली. "सरकार, शत्रू किती होता तो आकडा सांगा, तेवढा भरून देते."

आता बिशपांसमोर कमी कोण सांगणार?

"पाच हजार," ओस्बर्न म्हणाला.

"हॅ! सात," रेनफ्रे म्हणाला.

"दहा!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

"मग दहा हजार दिसायलाच हवेत," डोळे पुसत बिशप म्हणाले. "त्याशिवाय तुमचं शौर्य कळायचं कसं?"

"दिवसाला एक होईल," वुल्फ्रन म्हणाली. "कापड जोडून लागेल, लोकर लागेल. आणि बसायला माझंच घर लागेल, इथे गढीत उजेड नाही."

ओस्बर्नने बिशपांकडे पाहिलं. "काम पुरं होईपर्यंत घर तिचं," तो दात खाऊन म्हणाला. दहा हजार दिवस म्हणजे किती वर्षं, ते हिल्ड बोटांवर मोजू लागली आणि पाचव्या बोटाशी थांबून खुदकन हसली.

दुसऱ्या दिवसापासून वुल्फ्रनच्या दारी बायका येऊ लागल्या. आमच्या दादाच्या हनुवटीवर वण होता, तो घाल. माझा धाकटा डावखुरा होता, कुऱ्हाड त्या हातात दे. त्या लढाईतून गावात न परतलेला एकेक जण ओस्बर्नच्याच लोकरीने पटावर उभा राहू लागला. हिल्डनेही एकदा सुई मागून घेतली आणि ओस्बर्नच्या गुडघ्यापासून कोपरापर्यंत तपकिरी टाके घातले.

दर सणाला पट गढीवर टांगला जाई. गाव दिवाणखान्यात येई, पटासमोर टोप्या काढून मान खाली घालून उभं राही, आणि म्हाताऱ्या बायका कापडाला हळूच हात लावून घेत.

"बघा," ओस्बर्न पाहुण्यांना कोपराने ढोसून सांगे, "अजून मला किती भितात!"